घराच्या शैलीला शोभेल असं गॅरेजचं दार कसं निवडायचं?

अमेरिकेतल्या उपनगरात रस्त्यावरून एखाद्या घराकडे पाहिलं, की मुख्य दाराआधी नजरेत भरतं ते गॅरेजचं दार. दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार साधारण १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असतं. एवढं मोठं दार घराशी विसंगत असेल, तर घराचा चेहराच बिघडतो. तिकडे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांसाठीही ही निवड महत्त्वाची ठरते.

आधी घराची शैली ओळखा

कलोनियल: समोरून दोन्ही बाजू सारख्या दिसणारं घर. इथे उठावदार चौकोनांचं साधं दार शोभतं. शक्य असेल तर एका मोठ्या दाराऐवजी दोन लहान दारं लावा.

क्राफ्ट्समन: पुढे आलेलं उतरतं छप्पर आणि ओसरीला जाड खांब. लाकडी किंवा लाकडासारखं दिसणारं दार घ्या. वरच्या भागात छोट्या चौकोनी काचांची ओळ असावी.

फार्महाऊस: जुन्या घोडागाडीच्या कोठारासारखं दिसणारं दार. त्यावरच्या बिजागऱ्या आणि कड्या बहुधा शोभेच्याच असतात, दार उघडतं मात्र वरच्या दिशेने.

स्पॅनिश: कौलं, कमानी आणि पांढऱ्या भिंती. गडद लाकडी रंग आणि काळी लोखंडी सजावट इथे उठून दिसते.

आधुनिक: सपाट दार किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत दुधी काच.

दिसणं झालं, आता टिकणं

लाकूड सुंदर दिसतं, पण दर काही वर्षांनी रंग-पॉलिश मागतं. स्टीलची देखभाल कमी, पण समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत ते गंजू शकतं. गॅरेजच्या वर किंवा शेजारी खोली असेल, तर आत उष्णतारोधक थर असलेलं दार घ्या.

वादळी भागात ही निवड थेट सुरक्षेची असते. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात फ्लोरिडातल्या अनेक घरांची गॅरेजची दारं फुटली. दार फुटलं की वारा आत शिरतो आणि छताला आतून वर ढकलतो. म्हणून अशा भागात वाऱ्याचा दाब सोसण्याचं प्रमाणपत्र असलेलंच दार घ्या.

ऑर्डर देण्याआधी

• तुमच्या वसाहतीत घरमालकांची संघटना असेल, तर रंग आणि नमुन्याची लेखी परवानगी आधी घ्या. नाहीतर बसवलेलं दार बदलायची वेळ येऊ शकते.
• दार आपोआप उघडणारं असेल, तर खाली जमिनीलगतचे सेन्सर तपासा. मध्ये मूल किंवा प्राणी आला तर बंद होणारं दार उलट फिरायला हवं. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती यंत्रांना अशी सोय सक्तीची आहे.
• दाराच्या स्प्रिंगमध्ये प्रचंड ताण असतो. ती स्वतः बसवायला किंवा काढायला जाऊ नका, जाणकार माणूसच बोलवा.

रंगाबाबत गोंधळ असेल, तर सोपा नियम लक्षात ठेवा: दाराचा रंग भिंतीशी किंवा खिडक्यांच्या चौकटीशी जुळवा, आणि नजरेत भरणारा रंग मुख्य दारासाठी राखून ठेवा.