पिंपरीची माती आणि हृदयाची झडप

हृदयावरील शस्त्रक्रियेचा इतिहास लिहितांना शल्यवैद्याच्या हस्तकौशल्याचेंच वर्णन करण्याची प्रथा पडली आहे. टांके घातल्यानंतर रोग्यास जगविणारें औषध ज्या हौदांत आंबलें, त्यांची आठवण सहसा कोणी ठेवीत नाहीं. ही उणीव आम्हांस विशेष जाणवते ती पुण्यानजीकच्या पिंपरीमुळें.

हृदयाच्या झडपेवर जंतूंनीं ठाणें दिलें, कीं पेनिसिलिनपूर्व काळीं रोगी बहुधा दगावतच असे. झडपेच्या पातळ पडद्यांत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. जंतूंशीं झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी तेथें पुरेशा पोंचत नाहींत, आणि गोठलेल्या रक्ताच्या आड जंतु निर्धास्त वाढतात. म्हणूनच औषध मोठ्या मात्रेंत, चार ते सहा आठवडे, शिरेवाटे द्यावें लागतें. १९६० सालीं स्टार व एडवर्ड्‌स यांची कृत्रिम झडप आली, तेव्हां हें संकट टळलें नाहीं. परक्या वस्तूवर जंतु अधिकच घट्ट चिकटतात.

पेनिसिलिन देशांतच व्हावें असा आग्रह हाफकिन संस्थेचे एके काळचे संचालक साहिबसिंग सोखी यांनीं धरला होता. युनिसेफनें यंत्रें दिलीं, जागतिक आरोग्य संघटनेनें तज्ज्ञांचें साह्य दिलें, आणि १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. आज मोटारी व यंत्रें यांसाठीं ओळखला जाणारा हा पट्टा औषधाच्या कारखान्यापासून वाढूं लागला, हें तेथील रहिवाशांपैकींही कितीकांस ठाऊक असेल?

परंतु जंतूंवरील औषधें दीर्घकाळ दिलीं, कीं शरीरांतील निरुपद्रवी जंतूही मरतात व बुरशीस रान मोकळें मिळतें. शस्त्रक्रियेनंतर शिरेंत ठेवलेल्या नळीवाटे ती रक्तांत शिरते आणि नव्या झडपेवर बसते. तेथें पेनिसिलिनचा कांहीं उपयोग नाहीं. या शत्रूवरचें एक औषध पिंपरीच्याच प्रयोगशाळेंत सांपडलें. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६१ च्या सुमारास हॅमायसिन वेगळें केलें, आणि तें देणाऱ्या सूक्ष्मजीवास स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना असें गांवाचें नांव दिलें.

त्याचें अमेरिकन भावंड अँफोटेरिसिन हें व्हेनेझुएलांतील ओरिनोको नदीकांठच्या मातींतून आलेलें. दोन्ही औषधें बुरशीच्या पेशीच्या आवरणास भोंकें पाडतात आणि दोन्ही पाण्यांत विरघळत नाहींत. मात्र अँफोटेरिसिन पित्तलवणाच्या साह्यानें विरघळविण्याची युक्ति साधली, व तें शिरेवाटे जाऊं लागलें. हॅमायसिन पोटांत घेतलें तर रक्तांत भरवशानें उतरेना. तें मुख्यतः तोंडाच्या व त्वचेच्या बुरशीवर लावण्याचें औषध होऊन राहिलें. शोध लावण्यांत पिंपरी मागें नव्हती. शोधास शिरेपर्यंत नेण्याची वाट तिला सांपडली नाहीं, असें आमचें मत आहे.

बुरशीनें ग्रासलेली झडप आजही बहुधा पुन्हा छाती उघडून काढावी लागते, आणि त्यानंतर अनेक आठवडे जें औषध शिरेंत ठिबकतें, तें ओरिनोकोकांठचें असतें.