कुटुंबाधारित स्थलांतरित व्हिसा (अमेरिका)

कुटुंबाधारित स्थलांतरित व्हिसा हा अमेरिकेचे नागरिक व कायम रहिवासी यांच्या जवळच्या नातेवाइकांना त्या देशात कायम वास्तव्यासाठी दिला जाणारा व्हिसा आहे. भारतातील अर्जदारांच्या मुलाखती प्रामुख्याने मुंबईतील वाणिज्य दूतावासात होतात.

विलंबाची कारणे

नागरिकांच्या भावंडांसाठीच्या एफ-४ वर्गात वर्षाला ६५,००० व्हिसांची मर्यादा असून एका देशाला एकूण कोट्याच्या ७ टक्क्यांहून अधिक वाटा सहसा मिळत नाही. परिणामी भारतीय अर्जदारांची प्रतीक्षा पंधरा वर्षांहून अधिक लांबते. दरम्यान मूल २१ वर्षांचे झाल्यास ते सामान्यतः अपात्र ठरते. २००२ च्या कायद्यानुसार मूळ अर्ज मंजुरीसाठी प्रलंबित राहिलेला काळ वयातून वजा होतो. त्यानंतर रांगेत गेलेला काळ होत नाही.

मराठवाड्यातील कागदपत्रे

लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे तेथील जुन्या दाखल्यांवर उस्मानाबाद जिल्ह्याची नोंद आढळते. नांदेड व लातूर परिसरातील वृद्ध अर्जदारांची १ एप्रिल १९७० पूर्वीची जन्मनोंद उपलब्ध नसल्यास अनुपलब्धता प्रमाणपत्रासह शाळा सोडल्याचा दाखला यांसारखे पूरक पुरावे जोडले जातात.

प्रतीक्षाकाळ

अर्जाचा अग्रक्रम दिनांक दरमहा प्रसिद्ध होणाऱ्या व्हिसा बुलेटिनशी ताडून पाहता येतो. पत्ता, विवाह व अपत्यजन्म यांतील बदल राष्ट्रीय व्हिसा केंद्रास कळवावे लागतात. पोलीस पडताळणी व वैद्यकीय तपासणी यांच्या दाखल्यांची मुदत मर्यादित असल्याने ते मुलाखतीच्या सुमारास घेतले जातात.