जुनी स्पोर्ट्‌स कार घेताना : टर्बो की बिनटर्बो?

जर्मनीच्या पोर्शे कंपनीने २०१६ मध्ये बॉक्स्टर आणि केमन या आपल्या दोन स्पोर्ट्‌स कारचे इंजिन बदलले. तोवर या गाड्यांमध्ये सहा सिलिंडरचे, टर्बो नसलेले इंजिन असे. त्याच्या जागी चार सिलिंडरचे टर्बोचार्ज्ड इंजिन आले आणि गाडीच्या नावाआधी '७१८' हा आकडा लागला. कागदावर नवी गाडी सरस होती. साध्या बॉक्स्टरची शक्ती २६५ वरून ३०० अश्वशक्तीवर आणि टॉर्क २८० वरून ३८० न्यूटन-मीटरवर गेला. पीडीके हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि 'स्पोर्ट क्रोनो' ही जोड असलेल्या गाडीला ताशी शून्य ते १०० किलोमीटरचा वेग गाठायला पूर्वी ५.५ सेकंद लागत. ती वेळ ४.७ सेकंदांवर आली. तरीही सहा सिलिंडरच्या आवाजावर जीव असलेल्या चाहत्यांची नाराजी सरली नाही. अखेर २०२० मध्ये कंपनीने जीटीएस या आवृत्तीत चार लिटरचे, ४०० अश्वशक्तीचे, सहा सिलिंडरचे बिनटर्बो इंजिन परत आणले.

वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात या दोन्ही पिढ्या आज शेजारी शेजारी उभ्या असतात. त्यामुळे 'यातली कोणती घ्यावी' हा प्रश्न नेहमीचा झाला आहे. नवी गाडी घेताना तो बव्हंशी आवडीनिवडीचा असतो. जुन्या गाडीच्या बाबतीत मात्र त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे आधीच्या मालकाच्या सवयी. बिनटर्बो इंजिन त्यांपैकी बऱ्याच सवयी पोटात घालते. टर्बो इंजिन त्या विसरत नाही. निवड करताना हा फरक ध्यानात ठेवला, तर पुढचा बराच मनस्ताप टळू शकतो.

दोन इंजिने, दोन स्वभाव

पिस्टन खाली जाताना सिलिंडरमध्ये पोकळी निर्माण होते आणि वातावरणाच्या दाबाने हवा आत शिरते. एवढ्याच हवेवर चालणाऱ्या इंजिनाला 'नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड' म्हणजे नैसर्गिक श्वसनाचे इंजिन म्हणतात. त्यातून अधिक शक्ती काढायची तर एक तर इंजिन मोठे करावे लागते, नाही तर ते अधिक वेगाने फिरवावे लागते.

टर्बोचार्जर हा त्यावरचा तिसरा मार्ग. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर एक पाते फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पात्याने ताजी हवा दाबून इंजिनात भरायची, असे हे तंत्र. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन आणि जास्त शक्ती. लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाचे काम होते. छोट्या टर्बोचा हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. पेट्रोल इंजिनात त्याच्या एका टोकाला ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले वायू असतात आणि मधल्या बेअरिंगला आधार असतो तो तेलाच्या पातळ थराचा.

चालवताना हा फरक लगेच जाणवतो. बिनटर्बो इंजिनाची शक्ती फेऱ्यांबरोबर चढत जाते. '९८१' या पिढीतील बॉक्स्टर एसचा कमाल टॉर्क ४५०० फेऱ्यांपासून पुढे मिळतो. ७१८ बॉक्स्टर एसमध्ये तो १९०० फेऱ्यांपासूनच हजर असतो. म्हणजे पहिल्या गाडीत पिकअप हवा असेल तर गिअर खाली घेऊन इंजिन ताणावे लागते. दुसरीत पाय दाबला की काम होते. मात्र अ‍ॅक्सिलरेटर दाबणे आणि शक्ती येणे यांत टर्बो किंचित विलंब लावतो. बिनटर्बो इंजिन पायाच्या बारीक हालचालीलाही लगेच उत्तर देते. वळणावळणाच्या रस्त्यावर ज्यांना गाडी चालवण्यातच आनंद वाटतो, त्यांना ही तत्परता मोलाची वाटते.

घाटाचा आणि उंचीचा मुद्दाही लक्षात घ्यावा. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर चढल्यावर बिनटर्बो इंजिनाची शक्ती ढोबळमानाने दहा टक्के घटते, कारण हवा विरळ होते. सुमारे १३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरी हा फरक जाणवण्याइतका असतो. टर्बो हवा दाबूनच भरत असल्याने तो ही तूट बरीच भरून काढतो. उलट उन्हाळ्यातल्या शहरी कोंडीत टर्बो गाडीची दमछाक होते. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरवर वारा लागत नाही, हवा गरमच आत जाते आणि इंजिनाचा संगणक इंजिन जपण्यासाठी शक्ती कमी करतो.

टर्बो गाडीला भूतकाळ असतो

टर्बोचे आयुष्य तेलावर अवलंबून असते. तेल बदलायला उशीर झाला, हलक्या प्रतीचे तेल वापरले गेले, थंड इंजिन सुरू होताच ताणले गेले किंवा द्रुतगती मार्गावरून भरधाव येऊन गाडी लगेच बंद केली गेली, तर बेअरिंगजवळचे तेल जळून त्याची काजळी साठते. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत कूलंटने टर्बो थंड ठेवण्याची सोय असते. तिने धोका कमी होतो, पण पुरता जात नाही. हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही. ते दोन-तीन वर्षांनी दिसते आणि तोवर गाडी दुसऱ्याच्या दारात गेलेली असते.

दुसरा प्रश्न 'रिमॅप'चा. टर्बो इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून हवेचा दाब वाढवला की थोड्या खर्चात भरपूर शक्ती मिळते. बिनटर्बो इंजिनात याच उपायाने फारसा लाभ होत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला हा प्रकार कमी येतो. वाढीव शक्तीचा ताण टर्बो, क्लच, गिअरबॉक्स आणि पिस्टन या सर्वांवर पडतो. विकण्यापूर्वी मूळ आज्ञावली परत भरता येते, झालेली झीज मात्र परत भरून येत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. विमा कंपनीपासून लपवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.

बिनटर्बो म्हणजे निर्धोक नव्हे

टर्बो नाही म्हणजे चिंता नाही, असा समज करून घेणेही घातक आहे. पोर्शेच्याच २००८ पर्यंतच्या बॉक्स्टरमध्ये 'इंटरमीडिएट शाफ्ट'चे बेअरिंग निकामी होऊन संपूर्ण इंजिन जाण्याचे प्रकार घडले. २००९ मध्ये आलेल्या नव्या इंजिनातून हा भागच वगळण्यात आला. बीएमडब्ल्यूच्या २००७ ते २०१३ या काळातील एम थ्रीमध्ये चार लिटरचे, आठ सिलिंडरचे, ४२० अश्वशक्तीचे बिनटर्बो इंजिन होते. ८४०० फेऱ्यांपर्यंत धावणाऱ्या या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची झीज ही त्याची सर्वज्ञात दुखरी बाजू आहे आणि जाणते मालक हे बेअरिंग वेळेआधीच बदलून घेतात.

अर्थात, या दोषांचे स्वरूप वेगळे आहे. ते त्या विशिष्ट इंजिनाच्या रचनेत असतात. कोणत्या वर्षीच्या कोणत्या इंजिनात काय बिघडते, याची माहिती आधी मिळवता येते आणि ती पिढी टाळता येते. टर्बोचा बिघाड मात्र पुष्कळदा त्या एका गाडीच्या वाट्याला आलेल्या वागणुकीतून येतो. म्हणून बिनटर्बो गाडी घेताना आधी इंजिनाचा अभ्यास करावा आणि टर्बो गाडी घेताना आधी मालकाचा.

आवाक्यातल्या गाड्या

पोर्शे वा बीएमडब्ल्यू सर्वांच्या खिशाला परवडणाऱ्या नाहीत. पण हीच निवड कमी किमतीतही करावी लागते. भारतात २००६ मध्ये आलेली होंडा सिव्हिक ही १.८ लिटरची, १३२ अश्वशक्तीची बिनटर्बो सेडान. तिच्यासमोर टर्बो गाड्यांची रांगच आहे. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली, २०१३ मध्ये आलेली १०५ अश्वशक्तीची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, रांजणगावात तयार झालेली, २०१५ मधील १४५ अश्वशक्तीची फियाट अबार्थ पुंटो आणि २०१७ मधील २३० अश्वशक्तीची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस ही त्यांतली ठळक नावे.

वेगात सिव्हिक यांतल्या शेवटच्या दोघींच्या जवळपासही नाही. तिचे इंजिन मात्र दीर्घायुषी मानले जाते आणि साध्या गॅरेजमधला अनुभवी मेकॅनिकही ते हाताळू शकतो. पोलो जीटी घेताना टर्बोइतकेच लक्ष सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सवर ठेवावे. कोंडीत सावकाश चालताना गाडी झटके देत असेल, तर ती नाकारलेली बरी. ऑक्टेव्हियात पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅटच्या जागी कूलंट गळतो का, हे पाहावे. फियाटने २०१९ मध्ये भारतातील विक्री थांबवली, त्यामुळे अबार्थचे सुटे भाग कोठून येणार याची विचारणा आधीच करावी.

पाहणी कशी करावी

विक्रेत्याला गाडी आधी तापवून ठेवू नये, असे सांगावे. शक्यतो सकाळी जाऊन थंड इंजिन स्वतः सुरू करावे. सुरू होताना सायलेन्सरमधून निळसर धूर आला, तर तेल जळत असल्याची शंका घ्यावी. पांढरी वाफ थोड्या वेळात विरली तर चिंता नाही. ती गोडसर वासासह येतच राहिली, तर कूलंट सिलिंडरमध्ये जात असावा.

टर्बो गाडी तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादा पाळून, तिसऱ्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांपासून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्यावा. शक्ती एकसारखी चढली पाहिजे. मध्येच अडखळणे, सायरनसारखी तीव्र शिटी किंवा हवा सुटल्याचा फुसफुसाट ही टर्बो वा त्याच्या नळ्यांच्या दुखण्याची लक्षणे होत. नंतर काही मिनिटे गाडी जागेवर चालू ठेवून पुन्हा धूर पाहावा. इंटरकूलरकडे जाणाऱ्या नळ्या आतून तेलाने माखलेल्या असतील, तर टर्बोचे सील तपासून घ्यावे.

बिनटर्बो गाडीची कसोटी वरच्या फेऱ्यांत असते. इंजिन पूर्ण तापल्यावर ते लाल रेषेच्या जवळ नेऊन पाहावे. तेथे दम कमी पडत असेल किंवा खालून ठकठक ऐकू येत असेल, तर सिलिंडरची कॉम्प्रेशन चाचणी केल्याशिवाय व्यवहार करू नये. पोर्शेच्या गाड्यांत इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवले गेले, याची नोंद संगणकात राहते. ती अधिकृत सेवा केंद्रात काढून घेता येते.

दोन्ही प्रकारांत स्कॅनर लावून बिघाडाचे संकेत वाचावेत. सर्व संकेत नुकतेच पुसलेले दिसले, तर ते का पुसले हे विचारावे. सर्व्हिसच्या पावत्या तारखेनुसार लावून किलोमीटरचा आकडा कोठे मागे तर गेलेला नाही, हे पडताळावे. थेट इंधन फवारणीच्या इंजिनांत, टर्बो असो वा नसो, इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साठते. ती साफ केल्याची नोंद असेल, तर उत्तम. आता सर्वत्र २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळत असल्याने ते त्या गाडीला चालते का, हेही माहितीपुस्तिकेत पाहावे. परराज्यातील पासिंगची गाडी असेल, तर ना-हरकत प्रमाणपत्र आणि येथे भरावा लागणारा रस्ता कर हिशेबात धरावा.

निवड कोणी कोणती करावी

रोजचा प्रवास, अधूनमधून द्रुतगती मार्ग, सहकुटुंब घाटवाटा आणि कमी फेऱ्यांत मिळणारी ताकद अशी गरज असेल, तर टर्बो गाडी अधिक सोयीची. मात्र एकाच मालकाची, पहिल्या सर्व्हिसपासूनच्या पावत्या असलेली आणि मूळ अवस्थेतली गाडीच निवडावी. केवळ सुटीच्या सकाळी चालवण्यासाठी, पुढील आठ-दहा वर्षे सांभाळण्याच्या इराद्याने गाडी हवी असेल, तर बिनटर्बो गाडी अधिक समाधान देईल. तशी नवी इंजिने दुर्मीळ होत चालली आहेत, हेही तिच्या बाजूने बोलते.

गाडीचा इतिहास अर्धवट असेल आणि किंमत मोहात पाडणारी असेल, तर प्रश्न अधिक सोपा आहे. अशी बिनटर्बो गाडी कसून तपासणी करून विचारात घेता येईल. अशी टर्बो गाडी सोडून द्यावी, कारण आयात गाडीचा टर्बो बदलायचा खर्च लाखांत जातो आणि किमतीत वाचलेले पैसे त्यात पुरत नाहीत. कोणतीही गाडी घेतली, तरी सगळी रक्कम खरेदीतच घालू नये. पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी काही रक्कम बाजूला ठेवावी. ती उरत नसेल, तर एक पायरी खालची गाडी निवडावी.