घटसर्प : गोठ्यातला आणि घशातला

अकलूजला दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरतो. त्या भागातल्या शेतकऱ्यापुढे ‘घटसर्प’ हा शब्द काढला, की त्याला आठवतात गाई-म्हशी आणि पावसाळ्याआधी टोचून घ्यायची लस. मुलांचा घटसर्प निराळा. दोन्हींत गळा सुजतो, श्वास कोंडतो, म्हणून नाव एकच पडले. जंतू मात्र वेगळे. गोठ्यातल्या घटसर्पाने मुलाच्या घशात घटसर्प होत नाही. या दुसऱ्या रोगाच्या इतिहासात गाय-म्हैस नाही, घोडा आहे.

घसा दुखणे नेहमीचेच. पण घटसर्पात टॉन्सिलवर करडा-पांढरा पापुद्रा धरतो. ओढला तर रक्त येते. १८२६ साली ब्रेतोनो या फ्रेंच वैद्याने या पापुद्र्यावरूनच रोगाला नाव दिले. श्वास अडला, की श्वासनलिकेला भोक पाडणे एवढाच उपाय त्याच्या हाती होता. १८८४ मध्ये लोफ्लरने जंतू वेगळा करून वाढवला. जंतू घशातच राहतात, मग हृदय का बंद पडते? १८८८ मध्ये रू आणि येर्सिन यांनी उत्तर दिले : जंतू विष सोडतात आणि ते रक्तातून पसरते.

१८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवले, की थोडेथोडे विष टोचलेल्या प्राण्याच्या रक्तात प्रतिविष तयार होते. पुरेसे रक्त देणारा आणि हे सोसणारा प्राणी हवा, म्हणून घोडा. १८९४ मध्ये रूने पॅरिसच्या बालरुग्णालयात घोड्याचे रक्तजल वापरले. पूर्वी तिथे घटसर्पाची निम्मी मुले दगावत, आता चौथाई. त्याच शहरातल्या त्रूसो रुग्णालयात ते वापरले जात नव्हते, आणि तिथले मृत्यू कमी झाले नाहीत. तुलनेचा इतका स्वच्छ धडा वैद्यकात क्वचितच सापडतो!

आपल्याकडे परळची हाफकिन संस्था १८९९ पासून त्या वास्तूत आहे. प्लेगच्या लशीनंतर घोड्यांपासून प्रतिविषे करण्याचे कामही तिच्या परंपरेत आले.

प्रतिविषाला एक मर्यादा आहे. पेशींत शिरलेले विष ते परत आणत नाही, म्हणून एकेक दिवस मोलाचा. १९२३ मध्ये रामोंने विषाचा विषारीपणा काढून लस केली, तेव्हा ही घाई टळण्याची वाट दिसली. भारतात १९७८ पासून त्रिगुणी लस सरकारी कार्यक्रमात आली. बालपणीच्या लशीचा जोर काही वर्षांनी ओसरतो, म्हणून आता १०व्या आणि १६व्या वर्षी ‘टीडी’ टोचतात. त्यातला ‘डी’ म्हणजे हाच घटसर्प, घशातला.