सुटका झाली, पण फी थकली
शिरगावचा किल्ला म्हटलं की चिमाजी अप्पांची मोहीम आठवते. १७३९च्या मे महिन्यात वसई पडली. तोफांच्या या गोष्टीत वसईची 'मिझेरिकॉर्डिया' मात्र मागेच राहते. १४९८मध्ये लिस्बनला सुरू झालेल्या या बंधुमंडळाच्या अनेक कामांपैकी दोन: आजाऱ्यांची सेवा आणि कैद्यांना जेवण. पैसा देणग्यांचा, मृत्युपत्रांचा. प्रमुख दरवर्षी निवडायचा. फार हळवं व्हायला नको, याच राजवटीत इन्क्विझिशनही होतं.

इंग्लंडमध्ये तेव्हा अनेक जेलरना पगारच नव्हता. कैद्यांकडून फी घ्यायची आणि त्यावर जगायचं. १७७३मध्ये बेडफर्डशायरचा शेरीफ झालेल्या जॉन हॉवर्डला निर्दोष ठरलेली माणसंही फी थकली म्हणून आत दिसली. (रद्दच न होणारं सबस्क्रिप्शन!) जेलरला पगार द्या, असं त्यानं सुचवलं. मॅजिस्ट्रेटांनी विचारलं, असं आधी कुठे झालंय? दाखला शोधायला हॉवर्ड शेजारच्या परगण्यांत हिंडला. तिथेही तेच. १७७४मध्ये संसदेनं निर्दोषांची फी बंद केली.

त्याच डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. पुढे तिथे तुरुंग झाला. तो आजही आहे. आणि जामीन मंजूर होऊनही रक्कम नाही म्हणून आत राहिलेले कच्चे कैदी आपल्याकडे अजून आहेत.