ओळख गेली, तरी माया उरते का?

"डॉक्टर, आई आता मला ओळखतच नाही. मी येऊन गेलो हेही तिला दहा मिनिटांनी आठवत नाही. मग रोज जाऊन काय उपयोग?"

अल्झायमर झालेल्या रुग्णांच्या घरचे लोक हा प्रश्न कधी ना कधी विचारतातच. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर तुमच्याही मनात तो येऊन गेला असेल. या प्रश्नाचं उत्तर मिळायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ शंभर वर्षं लागली. त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात होते स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात. एदुआर क्लापारेद या मानसशास्त्रज्ञांनी १९११ साली एका ४७ वर्षांच्या बाईंची हकिगत प्रसिद्ध केली. बाईंना कोर्साकॉफचा आजार होता. या आजारात शरीराला व्हिटॅमिन बी-१ कमी पडतं, बहुतेक वेळा अनेक वर्षांच्या दारूमुळे, आणि मेंदूतले स्मृतीचे भाग खराब होतात. बाईंना शाळेत पाठ केलेल्या युरोपातल्या राजधान्या आठवत. पण रोज भेटणारे डॉक्टर आणि नर्स मात्र दर वेळी नवखेच वाटत.

एकदा क्लापारेद यांनी बोटांमध्ये टाचणी लपवून त्यांचा हात हातात घेतला. टाचणी टोचली. थोड्याच वेळात बाई ते विसरून गेल्या. पण पुढे डॉक्टरांचा हात जवळ येताच त्यांनी आपला हात झटकन मागे घेतला. का, ते त्यांना सांगता येईना. फार विचारल्यावर त्या इतकंच म्हणाल्या की, लोकांच्या हातात कधी कधी टाचण्या लपवलेल्या असतात.

आज असा प्रयोग करायला कुणीही परवानगी देणार नाही. पण त्यातून एक गोष्ट पहिल्यांदा नीट दिसली. 'काय घडलं' ही आठवण पुसली गेली होती, तरी 'या माणसापासून सावध राहा' हा धडा मेंदूत शिल्लक होता.

ही घडलेल्या गोष्टींची आठवण नेमकी कुठे तयार होते, हे कळायला आणखी चार दशकं गेली. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणावर शस्त्रक्रिया झाली. त्याच्या फिट्स कशानेच थांबत नव्हत्या, म्हणून मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढण्यात आला. फिट्स खूपच कमी झाल्या, पण नवी आठवण साठवण्याची शक्ती गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्या दर भेटीत त्याला नव्याच वाटत. हिप्पोकॅम्पसशिवाय घटनांची नवी आठवण तयार होत नाही, हे हेन्रीमुळे जगाला कळलं. २००८ साली त्याचं निधन झालं.

मग प्रश्न उरला तो नात्यांचा. माणूस लक्षात राहत नसेल, तर त्याच्याबद्दलची आपुलकी कशी तयार होणार?

याचं उत्तर अमेरिकेतल्या आयोवा इथे मिळालं. तिथल्या एका रुग्णाला संशोधनात 'बॉस्वेल' हे टोपणनाव दिलं होतं. विषाणूमुळे झालेल्या मेंदूज्वराने त्याचा दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस निकामी झाला होता. भावनांशी संबंधित असलेला ॲमिग्डाला हा भागही वाचला नव्हता. डॅनियल ट्रॅनेल आणि अंतोनियो दामासिओ यांनी त्याच्यासाठी एक प्रयोग आखला आणि १९९३ साली तो प्रसिद्ध केला. पाच दिवस तीन माणसं बॉस्वेलला भेटत राहिली. एक प्रेमाने वागे, त्याच्या मागण्या पुरवी. दुसरी व्यक्ती त्याला कंटाळवाणी कामं करायला लावी. तिसरी वागायला ना गोड, ना कडू. नंतर त्याला फोटो दाखवले, तेव्हा एकही चेहरा ओळखता आला नाही. पण 'मदत लागली तर यांपैकी कुणाकडे जाशील?' असं विचारल्यावर तो बहुतेक वेळा प्रेमाने वागणाऱ्याच माणसाकडे बोट दाखवायचा!

म्हणजे 'हा कोण?' आणि 'हा कसा?' या दोन गोष्टी मेंदू एकाच कप्प्यात ठेवत नाही. पहिला कप्पा रिकामा झाला, तरी दुसऱ्यात भर पडत राहू शकते.

२०१४ साली आयोवातल्याच संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने अनेकांना काय पाहिलं ते धड सांगता आलं नाही, पण त्यातून जागलेलं दुःख किंवा आनंद मनात रेंगाळत राहिला. ही मोजणी काही मिनिटांपुरतीच होती, हे खरं. तरीही आईच्या चिडण्यामागे किंवा शांत बसण्यामागे तासाभरापूर्वीची एखादी विसरलेली गोष्ट असू शकते, हे यावरून लक्षात यावं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. भेटीचा उपयोग आहे का? हो, आहे. मात्र काही गोष्टी सांभाळा.

'ओळख पाहू, मी कोण?' अशी परीक्षा घेऊ नका. उत्तर आलं नाही, की त्यांना नुसतीच लाज आणि भीती वाटते. जाताच स्वतः सांगा, "आई, मी आलोय, तुझा मुलगा." आवाज मऊ ठेवा, समोर बसा, हात हातात घ्या. तोच प्रश्न पाचव्यांदा आला, तरी तितक्याच शांतपणे उत्तर द्या. सांभाळायला येणाऱ्या मावशी शक्यतो वारंवार बदलू नका.

एक सूचना मात्र विसरू नका. ओळखणं काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक कमी झालं, तर 'वयामुळे होतंय' असं म्हणून थांबू नका. जंतुसंसर्ग, एखादं औषध किंवा पक्षाघात हे त्याचं कारण असू शकतं. लगेच डॉक्टरांना दाखवा.

तुमचं नाव आईच्या ओठांवर कदाचित परत येणार नाही. पण तुम्ही शेजारी बसल्यावर तिला बरं वाटतं, ते बरं वाटणं खरं असतं. म्हणून जात राहा.