भारी दिव्याचा बडेजाव

मत्स्यटाकीला स्वस्त दिवा लावला की शेवाळ धरतं आणि भारी लावला की झाडं फोफावतात, हे नंदुरबार-शहाद्याकडच्या हौशी मंडळींना कुणीतरी पढवून ठेवलेलं असतं. पुराव्यादाखल मोबाइलवर जपानच्या ताकाशी अमानो यांच्या टाक्या दाखवल्या जातात. टाक्या देखण्या आहेत, वादच नाही. पण त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडलेला असतो, खत मोजून घातलेलं असतं. फोटोत नजरेत भरतो तो फक्त उजेड.

उजेड वाढला की झाडाची कार्बनची भूकही वाढते. ती भागली नाही तर वाढ खुंटते आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसतं. दोन फुटी टाकी, आत जावा फर्न नि अनुबियास, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा पत्ता नाही. अशा ठिकाणी भारी दिवा दहा-बारा तास जाळणं म्हणजे शेवाळाला आवतण. ही झाडं साध्या पांढऱ्या एलईडीवर सहा-आठ तासांत सुखाने जगतात.

बोअरच्या जड पाण्याला आपण नावं ठेवतो, पण व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीला ते मानवतं, कारण पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही ती कार्बन घेते. तेच पाणी झाकणाच्या काचेवर उडून वाळतं आणि पांढरा, खरखरीत थर बसतो. त्याखाली किमती दिवाही मंदावतो; व्हिनेगरने काच घासली की साधाही उजळतो. याची जाहिरात कोण करणार?

मग मिळेल ती स्वस्त पट्टी उचलावी का? मुळीच नाही. तिचं खरं दुखणं उजेडात नसून एलईडीला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये असतं. मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार, त्यात दिवा बंद झाकणात कोंडलेला. ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्म्यावर येतं. पाण्याची वाफ आत शिरली तर शॉकची भीती वेगळीच. तेव्हा जादा पैसे मोजायचेच तर उष्णता बाहेर टाकणाऱ्या अॅल्युमिनियमच्या बॉडीसाठी, पक्क्या सीलसाठी आणि एका टायमरसाठी मोजावेत. रिमोटवर रंग बदलणाऱ्या चमकधमकीसाठी नव्हे.

टाकी खोल असेल, रोटालासारखं लालभडक झाड हवं असेल किंवा खाऱ्या पाण्यात प्रवाळ वाढवायचं असेल, तर पूर्वपक्ष मान्य; तिथे भारी दिवाच लागतो. फक्त रोटालावाल्यांनी दिव्याची ऑर्डर देण्याआधी रिकामा सिलिंडर गावात कुठे भरून मिळतो, तेवढं विचारून घ्यावं.